अमीबा आधी तिला दिसला

बाबा, आज नांदेडच्या क्लासमध्ये नीटच्या दोनशे पोरांपुढं फळ्यावर अमीबा काढला. त्याला पाय नसतात, अंगातलाच रस एका बाजूला वाहतो, तिथं अंग पुढं येतं, तोच त्याचा पाय. काम झालं की पाय परत अंगात जिरतो. हे सांगताना मी तुमचेच शब्द वापरते, आणि दर वेळी मला ती आठवते.

भूकंपात निलंग्याकडचं तिचं घर गेलं, आई-वडील गेले. तुमच्या कॉलेजात बारावीला होती, लातूरला हॉस्टेलवर होती म्हणून वाचली. तुम्ही तिला आपल्या घरी आणलंत. मीही बारावीलाच. आईनं माझी चादर तिला दिली, ते मी सोसलं. पण त्या रविवारी तुम्ही तळ्यातलं गढूळ पाणी बाटलीत आणलंत, स्वयंपाकघराच्या खिडकीत मायक्रोस्कोप ठेवलात आणि आधी तिला बोलावलंत. ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "सर, ह्यो सरकायलाय. दोन्हीकडनं पाय काढून एक हिरवा कण घेरला बघा. गिळला बी." घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. तुमचे डोळे भरून आले. माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही नुसती मान हलवली होती.

माझी पाळी आली तेव्हा मला फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. दिसला, मी म्हणाले. कुठल्या बाजूनं पाय काढला, तुम्ही विचारलंत. उजव्या. "न दिसलेलं सांगू नये," एवढंच बोलून तुम्ही बाहेर गेलात. ती चित्रासाठी वही आणायला उठली, तेवढ्यात मी थेंबाची काच काढून ओढणीनं पुसली. वळून बघते तर ती दारात उभी.

तुम्ही आलात, कोरी काच बघितलीत. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर, माझ्या हातून पुसली." तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि दुसरा थेंब घेतलात. त्यात दुपारपर्यंत काही सापडलं नाही. जिवंत अमीबा मी अजून पाहिलेला नाही.

ती डॉक्टर झाली. तुमच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच होती. एकदा तुम्ही मला तिच्या नावानं हाक मारलीत, आणि मी ओ दिली.

हे पत्र तिलाही दाखवणार नाही. तुम्ही तेव्हा तिला रागावला असतात तर मी लगेच कबूल झाले असते, असं इतकी वर्षं मनाला सांगत आले. नसते झाले, बाबा. तुम्ही तिला कधी रागावता, याचीच मी वाट बघत उभी होते.