मोरीपर्यंतचं पेट्रोल

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. सकाळी ७.१०

काचेच्या बाटलीत नव्वद मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घालून हलवत होतो. दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर दहाचा अठ्ठावीस झाला. म्हणजे अठरा मिली इथेनॉल — शंभरात वीस. पंपावर लिहिलंय तेवढंच. आधी नुसतं पेट्रोल तासभर ठेवून बघितलं होतं. तळाला पाणी नव्हतं. हे पेट्रोल अपघाताच्या दिवशी टाकीत होतं तेच. गॅरेजवाल्या परशराममामानं कॅनमध्ये काढून ठेवलेलं.

अपघाताला पंधरा दिवस झाले. अण्णा, माझा थोरला भाऊ, पहाटेच्या ड्युटीला मोटरसायकलवर निघाला. ओढ्यावरच्या मोरीजवळ गाडी आचके देऊन बंद पडली आणि तो उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेला. डावा पाय तीन ठिकाणी मोडला. तो निपाणी डेपोची बस चालवतो. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, त्या पायानं पुन्हा क्लच दाबता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही.

अण्णा म्हणतो, पेट्रोल खराब होतं.

मला अजून रडू आलेलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

आईनं सगळं परशराममामावर घातलंय. गाडी घेतल्यापासून तोच आमचा मिस्त्री. अपघाताच्या तीन दिवस आधी त्यानं टाकीत कार्ब्युरेटर साफ करायचं औषध घातलं होतं. (कार्ब्युरेटर हा शब्द आधी चुकला होता. खोडून नीट लिहिला.)

आज तो केळी घेऊन अण्णाला बघायला आला. आईनं उंबऱ्यातच अडवलं.

"माझ्या पोराच्या पायातच वतलास न्हवं औषध?"

मामा केळी कट्ट्यावर ठेवून गेला. औषधाचे एकशे ऐंशी द्यायचे राहिलेत. आई म्हणाली, एक रुपया द्यायचा नाही. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून होता.

शनिवार, १३ डिसेंबर

तेच औषध, तेवढंच माप, नवं पेट्रोल. मामानं तेव्हाच दुरुस्त करून दिलेली गाडी चाळीस किलोमीटर फिरवली. एक आचका नाही. मायलेज आधी चोपन्न, आताही चोपन्न. औषधाचा दोष नाही. आईला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. पीठ मळत राहिली.

रविवार, १४ डिसेंबर

महागातलं, जास्त ऑक्टेनच्या आकड्याचं पेट्रोल भरून बघितलं. काही फरक नाही. मामाला सांगितलं तर पाना पुसत हसला — "म्हशीला बदाम चारलास की रं! ह्या इंजनात तेवढा दाब कुठाय?" तो हसला म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी येऊन गाडी पडवीत लावली, सवयीनं टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, वहीत लिहिलं.

बुधवार, १७ डिसेंबर

अण्णाला माझ्या बाटल्यांचा राग येतोय. सगळ्या फेकून दे म्हणाला. मी म्हणालो, कारण कळायला पाहिजे.

"कळून पाय नीट हुतोय व्हय? पेट्रोलच हुतं म्हणलं न्हवं. बास कर आता."

फेकल्या नाहीत. खाटेखाली सरकवल्या.

सोमवार, २२ डिसेंबर. सकाळी ६.२०

ठरवलं होतं, गार इंजिनावर घरापासून मोरीपर्यंत दहा फेऱ्या करायच्या. पहिलीच फेरी. गाडी एका किकला सुरू झाली, नीट चालली, आणि मोरीपाशी आचके देऊन बंद पडली. तशीच! खाली बघितलं. कॉक बंद.

बंद कॉकवरही गाडी सुरू होते. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं असतं तेवढ्यावर चालते. ते संपलं की थांबते.

आमची वाटी गळते, पेट्रोलच्या वासानं आईचं डोकं दुखतं, म्हणून कॉक रोज संध्याकाळी मीच बंद करतो. सकाळी अण्णाच्या आधी उठून मीच उघडतो, गाडी सुरू करून ठेवतो. चार वर्षं चुकलो नव्हतो. अपघाताच्या दिवशी मला जाग आली नाही.

गाडी ढकलत घरी आणली. कॉक उघडायचं सुचलं नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

बंद कॉकवर गाडी किती जाते ते पुन्हा मोजलं. एक पूर्णांक चार किलोमीटर. मोरीचं अंतर तेवढंच.

बुधवार, २४ डिसेंबर

मामाला विचारलं, मोरीवरनं गाडी आणलीस तेव्हा कॉक कसा होता?

"चालू हुता की. टेंपोत चढवताना मीच बंद केला. का रं?"

काही नाही म्हणालो. दुसऱ्यांदा विचारलं. चालूच होता म्हणाला.

म्हणजे मी नाही! दोन भाकरी खाल्ल्या. किती दिवसांनी चव लागली.

शुक्रवार, २६ डिसेंबर

अण्णाला सगळं सांगितलं, गंमत म्हणून. मला उगाच माझीच चूक कशी वाटली, मग मामा काय म्हणाला. अण्णा हसला नाही. आई मागं चुलीपाशी आहे का ते बघितलं. मग हळू बोलला.

"त्यो मीच चालू केला रं, सौरव. आचकली तवा हात खाली घातला. बंद हुता. वाकून फिरवला. वर बघितलं तर म्होरं ट्रॉली."

आणि म्हणाला, "आईला सांगू नगंस."

परशराममामाचे एकशे ऐंशी देणं आहे. आज देतो. मामाला केळी ठेवून उंबऱ्यातनं परत जावं लागलं ते माझ्या बंद कॉकमुळं, हे आईला आज सांगतो.