घरचं सूत

ता. १६ डिसेंबर १९५४, गुरुवार

घरचं सूत आणा, असंच सांगतलं होतं. घरचं. दिवाळीच्या सुटीत ट्रेनिंगवरून घरी आल्या आल्या आमच्या यायनं पिशवी खुंटीले टांगली अन् हेच म्हणलं, "परत जाताना घरचं सूत न्याचं हाय." मग मी कातलं. मी नाई तं कोण कातन? चूलबी पाह्यली, वावरातला कापूसबी वेचला, अन् बसल्या जागी तकली फिरवली. बोटाले घट्टे पडले. आता ट्रेनिंगवाले म्हणतात, घरचं म्हणजे गुरुजीनं स्वतः घरी बसून कातलेलं. मग तसं बोलाचं होतं. घरची पोळी म्हणते माणूस, ती काय त्यानं थापलेली असते?

सर्टिफिकेट अडवून ठेवलं. वडनेरची शाळा यायनं एवढी वर्षं चालवली, तेव्हा कोणी नाई विचारलं ट्रेनिंग झालं का म्हणून. आता नियम निघाला, हेडमास्तर ट्रेंडच पाहिजे. म्हणून या वयात सेलूकडे ट्रेनिंगले गेले. पोरासारखे रांगेत बसले, संडास झाडले, वांगे लावले. सगळ्यात पास. सुतात अडकले.

ता. १८ डिसें., शनिवार

काल पुरं काढून घेतलं यायच्यापासून. एक एक शब्द ओढावा लागते.

परीक्षेले सगळ्याईले कापसाचे पेळू देल्ले अन् समोर बसून काताले लावलं. यायचं सूत कसं, तं बाज विणाच्या सुतळीसारखं. मधात गाठ, पुढे गाठ. तपासणाऱ्यानं माझ्या सुताच्या गुंड्या शेजारी ठेवल्या अन् म्हणे, "हे अन् ते एका हाताचं नाही."

मी म्हणलं, मग तुम्ही काय बोल्ले?

"बोल्लो, नाई. ते माझ्या बायकोचं."

"असं काऊन सांगतलं?"

"त्याईनं विचारलं म्हणून."

विचारलं म्हणून सांगतलं. काय बोलाव अशा माणसाले. मी ताट आपटलं अन् उठली.

ता. २४ डिसें., शुक्रवार

यायच्यासंगं ट्रेनिंगले होते ते हिंगणघाटचे मास्तर येऊन गेले. ते पास. चांगला माणूस आहे, पेरू आणलते. म्हणे ट्रेनिंगच्या हापिसातल्या बाबूनं निरोप देल्ला हाय. एका ओळीचं लिहून द्याव की सूत माझंच होतं, परीक्षेच्या दिवशी अंगठा दुखत होता. बस. सर्टिफिकेट घरपोच.

मले वाटलं सुटलो. लगेच दौत काढून समोर ठेवली.

हे म्हणतात, "तुझं सूत मी माझं म्हणून कसं लिहू?"

"मी तुमची, तं सूतबी तुमचं."

"तसं नाई होत."

हिंगणघाटचे मास्तर हसाले लागले. "वहिनी, याईले मी चार महिने समजावून राह्यलो." मी नाई हसली. दौतीतली शाई वाळून गेली.

ता. २८ डिसें., मंगळवार

म्हणलं चला, शिकाच लागन. पुन्हा परीक्षा घेतली तं हात तरी बसलेला असाव. आज दुपारी ओसरीवर बसवलं. हे तकली धरतात खडू धरल्यासारखी. धागा तुटला. जोडून देल्ला. तुटला.

"हलक्या हातानं सोडा ना."

"तू ओरडून राह्यली म्हणून तुटते."

मग मी चूप बसली. तरी तुटला.

शेजारची कौसाबाई कुंपणावरून पाहून राह्यली होती. म्हणे, "गुरुजी, छडी कोणाच्या हाती हाय आज?" हे हसले. मले हसू नाई आलं. ज्यायच्या हातानं अर्धं गाव लिवाले शिकलं, त्यायच्या हाताले एक धागा टिकेना. अन् शिकवून राह्यली मी, मले सहीपुरतं अक्षर यायनंच देल्लं. बाकी मी माझं माझं ओढलं.

ता. ४ जानेवारी १९५५, मंगळवार

शाळाखात्याचे तपासनीस साहेब शाळा पाहाले आलते. नेहमीसारखा चहा आपल्या घरूनच. कप मीच घेऊन गेली, मुद्दाम. उभी राह्यली. हे डोळे वटारून राह्यले, पण मी हटली नाई.

"साहेब, सुताचं काय केलं?"

साहेब समजावाले लागले. "बाई, प्रश्न सुताचा नाही, स्वावलंबनाचा आहे. आपलं काम आपल्या हातानं करायचं. हेडमास्तरच करणार नाही तर मुलं काय शिकतील?"

मी म्हणलं, "मग तुमचा हा सदरा कोण धुते?"

साहेब मोठ्यानं हसले. "हेडमास्तर, बाई हुशार आहेत तुमच्या." चहा पेला, टांग्यात बसले, गेले. झालं. मले वाटलं होतं चिडतीन, भांडतीन, तं मी आणखी बोलन. हसणाऱ्या माणसासंगं कसं भांडाव?

जाता जाता यायले एवढं म्हणले, पुढचं ट्रेनिंग पावसाळ्यानंतर, तोवर अनट्रेंड माणसाले त्या खुर्चीवर ठेवता येत नाई. आपल्या हातात नाही म्हणे. मग कोणाच्या हातात आहे? तहसिलीत विचारलं तं ते साहेबाकडे बोट दाखवतात. साहेब ट्रेनिंगकडे. ट्रेनिंगवाले म्हणतात गुरुजीनं लिहून द्याव. अन् गुरुजी...

ता. १५ जाने., शनिवार

संक्रांतीचं वाण घेऊन बाया आल्या. कौसाबाई सगळ्याईसमोर, "हेडमास्तरीणबाई, तिळगूळ घ्या. आता जुन्या हेडमास्तरीणबाई म्हणाव लागन का वो?" बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी म्हणलं, म्हण बाई, तुह्या तोंडाले कोण लुगडं बांधन. तिळगूळ कडू लागला.

ऑर्डर आली आहे. वानखेडेचा पोरगा येऊन राह्यला हेडमास्तर म्हणून. एक फेब्रुवारी, मंगळवारपासून. हे खाली दुसरीले शिकवतीन.

ता. १९ जाने., बुधवार

वानखेडे आला भेटाले. याच शाळेत शिकला, यायच्याच हाताखाली. शेंबूड पुसलेला आहे मी याचा. आता कोट घालते. मी ठरवलं होतं पाणीबी देणार नाई.

आल्या आल्या पाया पडला. "काकू, मी काय करू, ऑर्डर हाय. मी मागतली नाई."

"मग नको म्हण."

"नको म्हणलं तं दुसरा येईन. तो गुरुजीले ओळखतबी नसन."

खरंच बोल्ला. पोरगा वाईट असता तं बरं झालं असतं. जेवाले बसवलं. हे त्याले हजेरीपट कसा ठेवाचा, छपराचं कोणतं कवेलू गळते, सगळं सांगून राह्यले होते. हसून हसून. मी वाढत होती. भाकर करपली, तरी दोघाईनं खाल्ली.

तो गेल्यावर म्हणलं, अजूनबी एक ओळ लिहा. पाया पडते.

"तू एवढं चांगलं काततं," असं म्हणले. "त्याईनंबी तसंच म्हणलं, फार चांगलं सूत हाय. मी ते आपल्या नावावर घेऊ?"

एवढ्या वर्षांत माझ्या कोण्या कामाले चांगलं नाई म्हणलं या माणसानं. म्हणलं तं आता, अन् अशा ठिकाणी.

ता. २६ जाने., बुधवार

झेंडावंदन. दोरी यायच्या हाती देल्ली, शेवटच्या खेपेले. यायनं ती वानखेडेच्या हाती देल्ली, तो सकाळपासून येऊन बसला होता. पोट्टे इकडे पाहात, तिकडे पाहात. नमस्कार कोणाले कराचा ते त्यायले समजेना.

घरी आल्यावर यायनं शाळेच्या चाव्या धुतल्या. राखेनं घासून. मंगळवारी वानखेडेले द्याच्या म्हणून.

ता. २७ जाने., गुरुवार

आज मीच कार्ड लिवलं, ट्रेनिंगच्या मोठ्या गुरुजीले. तीन वेळा खोडलं. मग यायच्यापुढे ठेवलं, म्हणलं वाचा, अन् फाडाचं असन तं फाडा.

यायनं वाचलं. मी 'सुत' लिवलं होतं, ते 'सूत' केलं. बाकी तसंच ठेवलं. कार्ड परत देल्लं अन् तकली घेऊन ओसरीवर जाऊन बसले.

उद्या सकाळच्या डाकेत टाकते. काय लिवलं ते इथं उतरून ठेवते, माझ्याजवळ राहो.

"मोठे गुरुजी यांस नमस्कार. मी वडनेरच्या हेडमास्तरची बायको. तुम्ही धरून ठेवलेलं सूत मी कातलं. तुम्ही घरचं मागतलं, आम्ही घरचं पाठवलं. मंगळवारी शाळेच्या चाव्या दुसऱ्याले द्याच्या हायेत. त्याच्या आधी एवढंच कळवा, की तुम्ही घरचं म्हणता तेव्हा त्याच्यात घरची बाई धरता का नाई. धरत असान तं सर्टिफिकेट पाठवा. धरत नसान तं तसं साफ लिवा, म्हणजे मी या घरात कोण ते मले समजन. सोमवारच्या डाकेनं उत्तर पाहिजे. माझ्या नावानं. गंगाबाई."