नीट बोल

मंगळवार, संध्याकाळ

उद्या बी.एड.च्या मार्गदर्शक मॅडम माझा पाठ बघायला येणार. पाठाच्या आराखड्यात मीच लिहिलंय की मुलं फोनशी बोलतील आणि वाक्य पडद्यावर उमटेल. आज करून पाहिलं. वरच्या वाडीतली सुगंधा, वर्गात कधी न बोलणारी, आपणहून उठली. "आमच्या हितं लई खेकडं हायेत." पडद्यावर आलं, 'आमच्या हिताची लाईट खराब आहे.' वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले? "नीट बोल." चुकला फोन, आणि नीट बोल तिला?

शाळा सुटताना तिनं हळूच विचारलं, "बाई, नीट म्हंजी कसं?"

फोन उद्या पुन्हा चुकेल, ही भीती शाळा सुटेपर्यंत होती. आता वाटतंय, उद्या सुगंधा तिची बोली सोडून खरंच 'नीट' बोलली तर?