ठेवली, सोडली, टाकली

शनिवार, १४ जून

प्रिय बाळ्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. तुझा फोन लागत नाही. लागत नाही की तू उचलत नाहीस, ते विचारत नाही.

काल ठमीला तिच्या आजोळच्यांनी नेलं. कोर्टाच्या बाई सोबत होत्या. तुझी लेक रंगपेटी इथेच ठेवून गेली. "आत्या, परत आल्यावर लागेल," म्हणाली. मी "हो" म्हटलं.

निकाल वाचलास ना? 'वडिलांनी मुलीला टाकून दिल्याचं स्वतःच कबूल केलं आहे.' जबाबात तू मराठीत लिहिलं होतंस, 'बायको गेल्यावर नोकरीसाठी परगावी जावं लागलं, म्हणून मुलीला बहिणीकडे ठेवलं.' इंग्रजी मी केलं. 'लेफ्ट' मिळमिळीत वाटलं, 'एन्ट्रस्ट' पुस्तकी. शब्दकोशात सगळे शेजारी शेजारी, म्हणून 'अबॅन्डन' घातलं. बावीस वर्षं भाषांतराच्या टेबलावर बसूनही माणूस चुकतो, असं मी वकिलांना सांगितलं.

तुलाही तेच सांगणार होते. जमत नाही रे.

आमच्या ऑफिसात नियम आहे : इंग्रजी जबाब सही करणाऱ्याला मराठीत वाचून दाखवायचा, तो 'समजलं, मान्य आहे' म्हणाला की मगच सही. डॉक्टर असो की हमाल, मी कुणालाही सोडत नाही. तू पेन काढलंस तेव्हा मात्र म्हटलं, "घरचंच काम, वाचायचं काय त्यात?" तू हसून सही केलीस.

वाचलं असतं तर 'टाकून दिलं' हे तुझ्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. आधी 'लेफ्ट'च टाइप केलं होतं, बाळ्या. ते मी खोडलं. तू हरलास तर ठमी आहे तिथेच राहील, माझ्याकडे, असं वाटलं. तीन वर्षं मी तिची वेणी घातली. आजोळच्यांनी दावा लावलाय, मी नाही, एवढंही मला सुचलं नाही.

वकिलांना विचारलं, आता कोर्टात खरं सांगू का? म्हणाले, "सही त्यांची, शिक्का तुमचा. सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानणार, बाई?"

हे पत्र मी मोठ्याने वाचून पाहिलं. सगळं समजलं, मान्य आहे. माफी मागायला तोंड नाही.

वर आशीर्वाद सवयीने लिहिलेत. नको असतील तर खोड.

ताई