क्रेमरबाईंची खिडकी

इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी

प्रिय दीप्ती,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तू मला दहादा फोन करशील आणि दहादा विचारशील, बाळंतपणाला येतेस की नाही. मी दहादा गुडघ्याचं सांगेन. गुडघा बरा आहे. कालच शेअर ऑटोत अंग चोरून बसून कामठीला तुझ्या मावशीकडे गेले आणि तिचे तीन जिने चढले. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला सांगायचं असतं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

तुला वाटतं, या हिवाळ्यात तिकडे परदेशात येऊन राहिले तेव्हा तुमच्याकडच्या रीती मला जाचल्या म्हणून मी टाळते आहे. थोड्या जाचल्याच, खोटं कशाला बोलू. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आपला प्रशिक सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं उभा. आधी घर तापवायचं आणि मग ती ऊब बाहेर सोडून द्यायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आंघोळ झाली की रबरी पट्टीनं काच अशी पुसायची, जणू कोणी आंघोळ केलीच नाही. एका पलंगावर नवराबायकोची दोन वेगळी पांघरुणं पाहून मला वाटलं, तुमचं बिनसलंय. दोन दिवस मी प्रशिकशी जपून बोलत होते. संध्याकाळी सहाला गार पाव आणि चीज, त्याला जेवण म्हणायचं. रविवारी आवाज करायचा नाही म्हणून मी लसणाची चटणी करताना मिक्सर टॉवेलात गुंडाळला, तेव्हा तू किती हसली होतीस.

एक सवय मात्र मला आवडायची. तुमच्याच मजल्यावर, इमारत काटकोनात वळते तिथल्या समोरच्या क्रेमरबाईंची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एकटी बाई. त्यांच्या खिडकीवर इथल्या महाल बाजारातल्या दुकानांना असतं तसं शटर. बरोबर सातला वर जायचं आणि अंधार पडला की खाली यायचं. मी चहा घेऊन तुमच्या ओट्यापाशी उभी असायची. शटर वर गेलं की त्या हात हलवायच्या, मीही हलवायची. एवढीच आमची मैत्री. एक दिवस मी हिरव्यागार कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या आणि ताटली घेऊन सरळ त्यांची बेल वाजवली. त्यांनी ताटली घेतली, पण संध्याकाळी तुला चिठ्ठी आली, की पुढच्या वेळी आधी फोन करून यावं. तू चिडलीस. "काहून वं आई, न सांगता कोणाच्याबी दारावर जाऊन राहिली? इथं असं नाही चालत. मले शरम वाटते." तू सात महिन्यांनी आईला भेटलेली पोर, तुझं बोलणं मी मनावर घेतलं नाही असं दाखवलं. पण घेतलं होतं. इथे इंदोऱ्यात आठपर्यंत माझं दार उघडलं नाही तर शेजारची रोशनी जिन्यातूनच ओरडते, "काहून वं काकू, तब्येत ठीक आहे ना?" मला तर त्याचाही कधी कधी राग यायचा.

आता नोव्हेंबरातला तो शनिवार. तुम्ही दोघं प्रशिकच्या मित्राच्या लग्नाला परगावी गेला होतात, रविवारी संध्याकाळी येणार होतात. सात वाजले, आठ वाजले, शटर खालीच. मी दहाला चप्पल घालून त्यांच्या दाराशी गेले. बेलपर्यंत बोट नेलं. तुझं "मले शरम वाटते" आठवलं आणि परत आले. दुपारी पुन्हा गेले, पुन्हा परत आले.

इथवरचं तुला कदाचित सहन होईल. पुढचं मलाच होत नाही.

दुपारी त्यांच्या घरातून तुमच्याकडे येणाऱ्या भिंतीतल्या पाइपमधून ठकठक येऊ लागली. तीन ठोके, मग थांबणं, मग तीन ठोके. मी मनाला सांगितलं, घर तापवायच्या यंत्राचा आवाज असेल, प्रशिक म्हणतो ना, ते वाजतं. एकतीस वर्षं मी दवाखान्यात नर्स होते, दीप्ती. कोणी दम घेऊन ठोकतंय हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? रविवारी ठोके हळू झाले. मी मोबाइलवर बुद्धवंदना लावली आणि आवाज मोठा केला. तुम्ही आलात तेव्हाही गप्प बसले. मी त्यांच्या खिडकीवर डोळा ठेवून होते हे कळलं तर तू पुन्हा बोलशील, एवढीच भीती होती.

सोमवारी त्यांच्या कामवालीनं किल्लीनं दार उघडलं. न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, दोन दिवस फरशीवर. तू विचारलंस, "तुले काही आवाज आला होता का वं?" मी नाही म्हणाले. मग तू माझ्या खांद्यावर रडलीस, की आम्ही घरी असतो तर. मी घरीच होते. तुला दोष देत नाही. बेलचं तू बोललीस, कान माझे होते.

गेल्या आठवड्यात तू सांगितलंस, क्रेमरबाई आता वृद्धाश्रमात असतात, आधार घेऊन चालतात, वड्यावाली बाई कशी आहे म्हणून विचारतात. आणि वर म्हणालीस, आई, बाळाला तुझ्यासारखं जीव लावणारं माणूस हवं. त्या शब्दानं मला जेवण गेलं नाही. म्हणून हे पत्र. ज्या बाईनं ठोके ऐकून आवाज मोठा केला, तिच्या भरवशावर बाळ सोडून तुला डोळा लागेल का, हे तू नीट विचार करून ठरव. माझी दया येऊन ठरवू नकोस. आणि त्याआधी क्रेमरबाईंकडे जा, हे सगळं त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखव. त्या काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं कळव, एक शब्दही गाळू नकोस.

तुझीच,
आई