चपट्या तोंडाचा साचा

मामंजी,

तुमचा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा आज खिळ्यावरून काढला, राखेनं घासला आणि तेलाचं बोट फिरवून पुन्हा अडकित्त्याशेजारी टांगला. पाहुणे अजून त्याला अडकित्ता समजून फसतात. परवा माझ्या व्याह्यांनी त्यात सुपारी धरून चांगला जोर लावला, सुपारी काही फुटेना. मी पदराआड हसू दाबून बघत बसले. बंदूक सरकारजमा होऊन जमाना झाला, तुम्हाला जाऊनही झाला. पण साचा हातात आला की तुमचं त्या दिवसाचं हसणं आठवतं, आणि ज्यांच्याशी बोलावं असं वाटतं ते तुम्हीच. म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन आपल्या घरी आले तेव्हा मोठी लढाई चालू होती. माहेरी तेरखेड्यात मी घरातली सगळ्यांत बडबडी. चुलते शोभेचं दारूकाम करायचे, लग्नांसाठी आणि जत्रांसाठी बाण-नळे भरायचे, आणि मी शेजारी बसून त्यांचं डोकं खायची. आपल्या घरात मात्र सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. हे सोलापूरला गिरणीत, पंधरवड्यातून एकदा तोंड दाखवायचे. सासू म्हणून आत्याबाई होत्या, पण त्या देवळात आणि शेजारी रमलेल्या. मग तुम्हाला काही सांगायचं झालं तर मी परड्यातल्या म्हशीला सांगायची, ‘म्हशीबाई, भाकरी झालीय म्हणावं.’ तुम्हीही म्हशीकडेच बघून म्हणायचात, ‘आलोच म्हणावं.’ वर्ष होत आलं तरी आपल्या दोघांत ती म्हैस होती. मला खूप एकटं वाटायचं, मामंजी. तुम्ही बांधावरून आल्यावर आत्याबाईंना ज्या गमती सांगायचात, त्या ऐकून दाराआड माझ्या ओठांवर दहा प्रश्न यायचे आणि मी ते गिळून टाकायची.

तुमची बंदूक आसपासच्या गावांत प्रसिद्ध, कारण तिनं कधी काही मारलं नव्हतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि खांद्याला विलायती बंदूक! भुईमुगात डुकरं शिरली की तुम्ही बांधावर उभं राहून त्यांच्या डोक्यावरून बार काढायचात. मुठीखालची कडी खटकन खाली-वर केली की दुसरं काडतूस आपोआप वर यायचं, त्या खटक्यावर तर तुमचा भारी जीव. आत्याबाई चिडवायच्या, “मारायचं न्हाय तर गोळी कशाला पाह्यजे? डबडं वाजवा की.”

“डबड्याला डुक्कर भीत न्हाय,” तुम्ही म्हणायचात. “कानाजवळनं सूं करून काय तरी गेलं पाह्यजे. मग इचार करतंय ते.”

लढाईमुळं काडतुसं मिळेनाशी झाली आणि भुईमूग तर भरात आलेला. तेव्हा तुम्ही ठरवलं की रिकामी टरफलं पुन्हा भरायची आणि शिशाच्या गोळ्या घरीच ओतायच्या. सोलापूरच्या एका ओळखीच्या दुकानदारानं दोन साचे दिले. एकातून टोकदार गोळी निघायची, दुसऱ्यातून चपट्या तोंडाची. दोन्ही घरी नेऊन बघा, एक ठेवा, एक परत करा, असं ठरलं. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पिशवीत हात घातला तो किस्सा तुम्ही आत्याबाईंना सांगत होतात आणि मी चुलीपुढं पीठ मळायचं सोडून ऐकत होते.

“ये क्या है, म्हणाला. म्या म्हणलं, सरोता है साब, सुपारी का. तर म्हणतो, दो-दो? म्या म्हणलं, एक बीवी का!”

आत्याबाई म्हणाल्या, “म्या कवा सुपारी खाल्ली?” आणि इकडं माझ्या हातातला गोळा परातीत पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यात तीन दगडांची चूल मांडली. स्वयंपाकघरात शिसं वितळवू द्यायला आत्याबाई तयार नव्हत्या. जाळ घालायचं काम माझ्याकडं आलं. पण घरात नवं लोखंड आलं की आधी त्याची पूजा, हा आपला शिरस्ता. विळा असो, कुऱ्हाड असो, विभूती लागल्याशिवाय ती वस्तू कामाला लागत नसे. आत्याबाईंनी ओल्या विभूतीची तीन बोटं दोन्ही साच्यांच्या थेट पोटातच ओढली. ती वाळल्यावर शिसं ओतलं, साचा उघडला, आणि चिमट्यात आलेल्या गोळीच्या अंगावर आडव्या तीन रेघा! तुम्ही ती वर धरून बघत राहिलात.

“आगं, गोळीला पन दीक्षा दिलीस की तू,” तुम्ही म्हणालात. “आता हिच्यानं डुक्कर काय, मुंगी मरायची न्हाय.”

साचे पुसून पुन्हा ओतलं. या खेपेला दोन्हींतून गुळगुळीत गोळ्या आल्या. टोकदार गोळी दिसायला खरंच देखणी होती. तुमचं मन तिच्यावरच बसलं, कारण टोक असलं की सूं चांगलं करणार, असा तुमचा हिशेब. आत्याबाई म्हणाल्या, “आधीची काडतुसं तर चपटीच व्हती की.”

“कंपनीनं शिसं वाचवलं,” तुम्ही ठणकावून सांगितलं. “आपुन कशाला वाचवायचं?”

तेवढं बोलून झालं आणि आत्याबाई विभूतीची वाटी घेऊन देवळाकडं निघून गेल्या. तुम्ही परड्याकडच्या ओसरीवर बसून काही टरफलांच्या बुडाला बार पेटवणारी टोपी, आत दारू आणि वर टोकदार गोळी बसवलीत. ते काम संपलं तेव्हा मी चुलीतली लाकडं विझवत होते.

तुम्ही बंदूक मांडीवर घेता. नळीखाली दुसरी बारीक नळी आहे, काडतुसं त्यात एकामागं एक सरकतात. पहिलं जातं. दुसरं जातं. मी बघते आणि माझ्या हातातलं लाकूड हातातच राहतं. पुढच्या काडतुसाच्या बुडाशी टोपी आहे आणि आत मागच्याचं टोक बरोबर तिच्यावर टेकत असणार. चुलत्यांनी मला लहानपणीच बजावलेलं, की टोपीतला मसाला पेटायला आग नको, नुसता ठोका पुरतो. आता तुम्ही उठाल, सवयीनं बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवाल, आणि तुमचा डावा हात त्याच नळीवर असेल. मी सवयीनं म्हशीकडं बघते. म्हैस रवंथ करतेय.

“मामंजी, थांबा!”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तुम्ही जागच्या जागी थिजलात. मी पदर सावरला आणि एका दमात सांगून टाकलं, “म्होरच्या काडतुसाच्या टोपीवर मागच्याचं टोक बसतंय. जरा हिसका बसला तर नळीतच बार व्हईल. तुमचा हात जाईल. चपटी घाला, चपटी तिथं रुतत न्हाय.”

तुम्ही नळीकडं बघितलंत. मग अगदी हलक्या हातानं दोन्ही काडतुसं बाहेर काढून उशीवर ठेवलीत, झोपलेल्या लेकराला ठेवावं तशी. फडताळातून कंपनीचं एक जुनं काडतूस आणलंत, त्याच्या चपट्या तोंडावरून अंगठा फिरवलात. मला वाटलं, आता रागावणार. वर्षभराची रीत मी एका हाकेत मोडली होती. पण तुम्ही मान वर केलीत आणि लेकीला हाक मारावी तसं म्हणालात, “अव्वा, तुला आवाज हाय व्हय गं?” आणि मग असे हसायला लागलात की डोळ्यांतून पाणी आलं. “शिसं वाचवलं म्हणं कंपनीनं! हात वाचवला व्हता माझा!”

आत्याबाई परतल्या तेव्हा तुम्ही दारातूनच ओरडलात, “आगं, सूनबाई बोलली!”

“काय बोलली?”

“ही बंदूक फुटंल म्हनली.”

“मंग खरंच बोलली,” आत्याबाई म्हणाल्या. “म्या कवापासनं सांगतीया, घरात नको म्हणून.”

टोकदार साचा तुम्ही परत केलात. त्याच्या सांध्यात थोडी विभूती राहिलेली बघून दुकानदारानं विचारलं, तर तुम्ही सांगितलंत, सूनबाईनं नापास केला. चपट्या गोळीनं सूं केलं की नाही ते मला तुम्ही स्वतः, माझ्याकडं बघून सांगितलंत. भुंग्यावाणी जाते म्हणालात. डुकरं बिचकली आणि भुईमूग घरी आला. त्यानंतर तिफणीची फणं असोत नाहीतर घराची कडी, कुठलीही वस्तू आणली की हाक यायची, “अव्वा, हे बघ गं जरा.” आणि मी बघायची, आणि बोलायची. तुम्ही शेवटी अंथरुणाला खिळलात तेव्हाही मी शेजारी बसून बोलत होते आणि तुम्ही डोळे मिटून हुंकार भरत होतात. सख्ख्या बापानं ऐकलं नसेल इतकं तुम्ही माझं ऐकलंत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. साच्याच्या दोन फळ्यांत घडी करून ठेवीन म्हणते, पाहुण्यांना सुपारी आणखी अवघड जाईल. एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. येईल-जाईल त्याला तुम्ही सांगायचात की सुनेनं माझा हात वाचवला, आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. हाताची काळजी होतीच, मामंजी, खोटं कशाला बोलू. पण ते टोक टोपीवर टेकणार हे कळलं ना, तेव्हा भीतीच्याही आधी माझ्या मनात आलं, की आता बोलायला कारण मिळालं.