माशी खाणाऱ्या झाडाला जवळा

आई, आज पुन्हा तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो, आणि भांडायला तू समोर नसतेस याचा आणखी येतो.

विरारच्या घरात माझ्या खिडकीत एक कुंडी आहे. माशी पकडणारं झाड. शाळेत असताना विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनापर्यंत सांभाळायला दिलेलं होतं ना, तसंच. सगळ्या वर्गातून माझ्याकडे दिलं होतं! पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, मासळीच्या वाळवणावर माश्यांना काय तोटा, म्हणून बाई हसल्या होत्या. मी तुला बजावलं होतं, याला फक्त पावसाचं पाणी, खायला काहीही घालू नकोस. आणि शाळेतून येऊन बघते तर पानापानात सुका जवळा कोंबलेला, आपल्या अंगणात वाळवलेला, खारा. "नुसतं पानी पिऊन कोन जगतं का? उपाशी व्हतं, घातलं खायला. माजं काय चुकलं?" पानं काळी पडून सडली. प्रदर्शनात मी रिकाम्या कुंडीमागे उभी होते. चुकलं, एवढं तू कधी म्हणाली नाहीस.

आता मी कॉलेजात हेच शिकवते. पानाच्या आत बारीक केस असतात, माशी त्यांना लागोपाठ दोनदा लागली की पान मिटतं. पण तेवढ्याने जेवण सुरू होत नाही. आत कुणी धडपडत राहिलं तरच पान घट्ट बंद होतं, रस सोडतं, आठवडाभर सावकाश जिरवतं. मेलेलं काही ठेवलं तर पुन्हा उघडतं. मीठ तर त्याला विषच. हे वाक्य आलं की माझा आवाज चढतो आणि पोरी एकमेकींकडे बघतात.

कारण तुझ्या किडन्या थकल्या तेव्हा डॉक्टरांनी तुझंही मीठ बंद केलं होतं. मी अळणी डाळभात समोर ठेवायचे आणि तू ताट सरकवायचीस, "मिठाबिगर जेवान गल्याखाली उतरत नाय." तांदळाच्या डब्यात हात घालावा तर सुक्या बोंबलांची पुडी. मी ओरडले, फेकली, पुन्हा सापडली. जिभेच्या चवीपायी मला टाकून गेलीस. झाडाचं मी कधीच विसरले असते गं. हे नाही विसरता येत.

खिडकीला जाळी बसवल्यापासून आत माशी येत नाही. आज त्या झाडाकडे बघवेना. मूठभर जवळा भिजवला, जिभेला खारट लागेनासा होईतो पाणी बदलत राहिले आणि त्यातला एक पानात ठेवला. पान मिटलं. मेलेला जवळा काय धडपडणार, म्हणून बाहेरून बोटाने पान हळूहळू चोळत बसले, आत काही जिवंत आहे असं त्याला वाटावं म्हणून. चोळता चोळता तोंडातून निघालं, "खा गं, खा."

राग गेलेला नाही, आणि हे पत्र टाकायला पत्ताही नाही. एवढंच सांगते, मी स्वतः सुकी मासळी कधीच सोडली. जवळ्याचा डबा मात्र भरून ठेवते, कधीमधी झाकण उघडून वास घ्यायला.